खालून वर

उकरंडे सर दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नसत. संगणक शिकवणाऱ्या माणसाबद्दल असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी सोवळं असेल. सोवळं वगैरे काही नव्हतं. ते हात पाठीमागं न्यायचे, उजव्या हातानं डावं मनगट धरायचे आणि तुमच्या खुर्चीमागं उभे राहायचे. बिघडलंय तुमचं, तर दुरुस्त तुम्हीच करायचं, आणि ते तुम्हाला जमत नाही हे आजूबाजूच्या सगळ्यांनी बघायचं, अशी त्यांची शिकवायची पद्धत होती.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला गावाबाहेर आमचं कॉलेज आहे. मी तिथं ग्रंथपाल. माझं ग्रंथालय आणि सरांची लॅब यांच्यात एकच भिंत आहे आणि तीही छतापर्यंत गेलेली नाही. त्यामुळं सरांचा तास मला कितीतरी वर्षं फुकटात ऐकायला मिळाला. तासभर आवाज पोरांचाच यायचा. सर अधूनमधून दोनच शब्द बोलायचे, "मोठ्यानं वाच."

स्क्रीनवर जी चूक इंग्रजीत उमटली असेल ती मोठ्यानं वाचायची, अख्ख्या वर्गासमोर. आमची पोरं खेड्यापाड्यातली, मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात आडवे यायचे आणि मग वर्ग हसायचा. सर हसू थांबवायचे नाहीत आणि स्वतः हसायचेही नाहीत. एकदा एक मुलगी वाचता वाचता रडायला लागली.  थोड्या वेळानं सरांचा आवाज आला, "झालं का रडून? आता खालची ओळ वाच."

लॅबमधले सगळे लॅपटॉप पुण्याच्या कुठल्यातरी कंपनीनं वापरून टाकलेले, संस्थेला दान आलेले. त्यांच्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं. जुना लॅपटॉप, लिनक्स आणि वायफाय यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. रोज कुणाचं तरी वायफाय गायब व्हायचं. म्हणून सरांनी लॅबच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं एक शिडी काढली होती. वायफाय गेलं तर काय काय तपासायचं ते खालून वर लिहिलेलं: बटण, कार्ड, ड्रायव्हर, सिग्नल, पासवर्ड, पत्ता, नाव. शिडी काढली ती अगदी शब्दशः. 'नाव' छताजवळ आणि 'बटण' फरशीपासून वीतभर उंचीवर. फरशी पुसून पुसून ते 'बटण' पार पुसट झालं होतं. एखाद्यानं खालची पायरी सोडून वरच्या पायरीवर उडी मारली की सर त्याला भिंतीपाशी न्यायचे, उकिडवं बसवायचे आणि ती पुसट अक्षरं वाचायला लावायचे.

मीही तिथं उकिडवी बसलेली आहे. नवीन होते. ग्रंथालयाच्या लॅपटॉपचं वायफाय गेलं म्हणून तो उचलून लॅबमध्ये गेले आणि म्हणाले, "सर, जरा बघता का? वायफाय चालत नाही."

"मॅडम," सर म्हणाले, "बैल चालत न्हाय म्हणलं तर बैल मेलाय, बसलाय का दाव्याला बांधलाय, ह्यातलं काय कळतंय का?"

वर्ग खुसखुसला. सरांनी मला खुर्चीत बसवलं आणि एक आदेश अक्षर अक्षर करून टाइप करायला लावला. स्क्रीनवर दोन ओळी आल्या. "मोठ्यानं वाचा," सर म्हणाले. मला फक्त 'वाच'चं 'वाचा' मिळालं, सवलत तेवढीच. मी वाचलं, "सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, यस."

"सॉफ्ट म्हणजे आतून अडवलेलं. ते आदेशानं सुटतंय. हार्ड म्हणजे दावं. हातानं बांधलेलं हातानंच सुटतंय, आतून कितीबी बोंबला. उजवी बाजू बघा."

लॅपटॉपच्या उजव्या कडेला नखाएवढं सरकतं बटण होतं. त्याच्याशेजारी बारीक दिवा, नारंगी पेटलेला. बटण पुढं सरकवलं तर दिवा निळा झाला आणि वायफाय आलं. ह्या जातीच्या लॅपटॉपांचं ते बटण पिशवीत घासून आपोआप सरकतं, हे सरांनी मग सांगितलं. आधी सांगितलं असतं तर काम चुटकीसरशी झालं असतं. पण मग मला साडी सावरत, एफवायच्या पोरांसमोर उकिडवं बसून 'बटण' असं मोठ्यानं वाचता आलं नसतं. त्या दिवशी मी सरांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या माझ्या ग्रंथालयातल्या एकाही शब्दकोशात नाहीत. पण हेही खरं, की त्यानंतर माझं वायफाय कितीदा तरी गेलं आणि मी एकदाही कुणाला बोलावलं नाही.

घरी तरी हा माणूस बरा असेल असं मला वाटायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा तोही समज गेला. समोर टीव्ही होता, त्याच्यावर स्वच्छ रुमाल घातलेला. सरांच्या पत्नी मंदाताई वाण देता देता म्हणाल्या, "बंद हाय तो. दिवाळीपासनं."

"सर घरात असताना?"

"ह्यांना म्हणलं, बघा की जरा. म्हणले, काय लिहून आलंय ते वाच. मला इंग्रजी आलं असतं तर ह्यांच्या पदरात पडले असते का?" बायका हसल्या. मंदाताई हसल्या नाहीत. "आमच्यात दुरुस्ती न्हाय हो मॅडम, नुसती तपासणी असती. जेवताना ठसका लागला अन् पाणी मागितलं तर हा माणूस इचारतो, तांब्या कुठाय ते आधी सांग." एवढं बोलून त्यांनी पुढचीला कुंकू लावलं. मालिका बघायला त्या शेजारी जायच्या, सगळ्या गल्लीला ते माहीत होतं.

सर वाईट होते का, असं मला अजूनही लोक विचारतात. ते लाच खात नव्हते, तास बुडवत नव्हते, कुणाच्या वाटेला जात नव्हते. तुम्ही अडलात की तुमच्यापाशी थांबायचे, एसटी चुकली तरी थांबायचे. पण विहिरीत पडलेल्याच्या शेजारी काठावर बसून राहावं तसं ते थांबणं होतं. दोर पायाशी पडलेला असायचा. पोहायला शिकला तर वर येईल, नाहीतर नाही. त्यांच्या हाताखालची कितीतरी पोरं आज पुण्यात चांगल्या नोकरीला आहेत. त्यातलं एकही कधी पेढे घेऊन आलं नाही.

वरच्या लोकांसाठी त्यांच्याकडं वेगळी पट्टी असती तरी एक वेळ त्यांचं भलं झालं असतं. तीही नव्हती. एकदा विद्यापीठाचे पाहुणे तपासणीला आले होते. संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, स्वतःचा लॅपटॉप घेऊन त्यांना लॅब दाखवायला आले आणि नेमकं वायफाय लागेना. सर म्हणाले, "आण्णा, पहिली पायरी काय हाय?" आण्णांना वाटलं, काहीतरी कौतुकाचं चाललंय. ते म्हणाले, "सांगा की." सरांनी भिंतीकडं हात केला. "तिथं लिहिलंय. जरा उकिडवं बसावं लागंल."

पाहुणे खो खो हसले. आण्णाही हसले. त्यांचं पोट बघता त्यांना उकिडवं बसवणं म्हणजे क्रेनचं काम होतं. ते बसले नाहीत. हसता हसता त्यांचे डोळे मात्र थंड झाले आणि ते आम्हा सगळ्यांना दिसलं. सरांना दिसलं नाही, कारण ते स्क्रीनकडं बघत होते. सर तेव्हाही तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जितके तास शिकवतील तितकंच मानधन आणि उन्हाळ्यात रामराम. कायम करण्याची त्यांची फाइल त्या दिवसापासून आण्णांच्या कपाटात जी बसली, ती बसलीच.

आता स्वातीचं सांगते. स्वाती गपाट ही सरांचीच विद्यार्थिनी. सगळ्या बॅचमध्ये ही एकच कधी रडली नाही. शिकून झाल्यावर आमच्याच लॅबमध्ये निदेशक, म्हणजे प्रात्यक्षिकं शिकवणारी, म्हणून लागली, तीही तात्पुरतीच. सर तिला आडनावानं हाक मारायचे. त्यांच्या तोंडून कौतुक असं कधी निघालं नाही, पण "गपाटला इचारा" एवढं म्हणायचे, आणि सरांच्या हिशेबी ते पदकच होतं.

सरकारी आयटीआयमध्ये निदेशकाच्या जागा निघाल्या. स्वातीनं अर्ज अर्धा भरून ठेवला होता, एक प्रमाणपत्र अडलं होतं. ते मिळालं शेवटच्या दिवशी. सायंकाळी पाचला संकेतस्थळ बंद होणार होतं आणि ती वयाची अट पुढच्या महिन्यात ओलांडणार होती. म्हणजे ही संधी शेवटची. त्या दिवशी सकाळपासून वाशीत लाइट नव्हती. गावातली सेवा केंद्रं बंद, माझ्या लॅपटॉपची बॅटरीही संपलेली. इन्व्हर्टरवर फक्त वायफायची पेटी चालू होती. लॅबमधल्या दानाच्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या कधीच्याच मेलेल्या; चालू होते ते दोनच लॅपटॉप, एक तिचा आणि एक सरांचा. तिच्या लॅपटॉपला वायफाय दिसेना.

दुपारी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "सर, तुमच्या मशीनवरनं भरू का? दहा मिंटाचं काम हाय."

"रस्ता बदलणं म्हणजे दुरुस्ती न्हाय. खालनं वर ये."

मी उठून लॅबमध्ये गेले. स्वाती खाली मान घालून टाइप करत होती. सर शेजारच्या टेबलावर डबा उघडून बसले होते, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी म्हटलं, "सर, भरू द्या की तिला. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." मी माझा फोनही देऊ केला, पण ते संकेतस्थळ फोनवर उघडत नव्हतं.

"आयुष्याचा हाय म्हणूनच," सर म्हणाले. "आयटीआयमधी पोरांचं वायफाय गेलं तर ही काय माझ्याकडं पळत येणार हाय का?"

त्यांना बिघाड माहीत होता. त्यांनीच नंतर सांगितला, अगदी सहज. लिनक्स रात्रीतून स्वतःला नवं करून घेतं आणि नव्या आवृत्तीत जुन्या लॅपटॉपचा ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, कधी कधी बसत नाही. सुरू करताना जुनी आवृत्ती निवडली की काम होतं. एका वाक्याचं काम. ते वाक्य तोंडात धरून त्यांनी भाकरी संपवली, डबा पुसला, हात धुऊन आले.

स्वातीनं ते शोधलं. एकेक पायरी चढत, चुकत, परत खाली येत तिनं शोधलंच. लॅपटॉप जुन्या आवृत्तीवर सुरू झाला, वायफाय आलं, पान उघडलं. पाच वाजून गेले होते. ती स्क्रीनकडं नुसती बघत राहिली. सर तिच्यामागं येऊन उभे राहिले, हात पाठीमागं.

"मोठ्यानं वाच," सर म्हणाले.

तिनं वाचलं, "अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे."

"आता हे जन्मात विसरणार न्हाइस," सर म्हणाले आणि पिशवी उचलून एसटी गाठायला गेले. मी माणसं पुष्कळ बघितली आहेत. इतकं क्रूर वाक्य इतक्या समाधानानं बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी स्वाती वेळेवर कामावर आली. सरांशी पूर्वीसारखीच बोलू लागली. मला वाटलं, पोरीनं सोडून दिलं.

पुढं सरांची फाइल हलली. आण्णांनी हलवली नाही, विद्यापीठानं हलवायला लावली. कायम पदासाठी मुलाखत ठरली. आण्णांना तिथं त्यांचा भाचा हवा होता, पण सरांची पात्रता आणि नोकरीची वर्षं पाहता त्यांना नाकारायला कारण सापडत नव्हतं. निवड समिती संभाजीनगरला बसणार आणि उमेदवारांनी आपापल्या जागेवरून व्हिडिओवर हजर व्हायचं. सरांनी जागा निवडली त्यांची लॅब आणि यंत्र त्यांचा लॅपटॉप. फोन त्यांच्याकडं बटणांचाच होता. मोठा फोन म्हणजे खेळणं, असं त्यांचं मत.

त्या सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मंदाताईंनी हातावर दहीसाखर घातली होती, ते त्यांनी आपणहून सांगितलं. एवढं घरगुती बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. एसटीला गर्दी होती, पिशवी छातीशी धरून उभ्यानं आले होते. मी शुभेच्छा द्यायला दारात उभी होते. स्वाती त्यांच्या उजव्या हाताला, कपाटापाशी. सरांनी लॅपटॉप उघडला. वायफाय नव्हतं.

"काल राती नवं झालंय," सर म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप बंद करून जुन्या आवृत्तीवर सुरू केला. वायफाय आलं नाही. मग त्यांनी ड्रायव्हर काढला, परत घातला. बोटं भराभर चालत होती. पुन्हा सुरू केला, पुन्हा नाही. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. ऑफिसमधून निरोप आला, समिती वाट बघतेय.

मी पुढं झाले. "सर, माझ्या फोनवरून लागा. लिंक सांगा, मी उघडून देते."

सरांनी हात पुढं केला होता. खरंच केला होता, मी बघितला. मग त्यांची नजर स्वातीकडं गेली. ती हात पाठीमागं घेऊन उभी होती, उजव्या हातात डावं मनगट. 

सरांनी हात मागं घेतला. "नको मॅडम. रस्ता बदलणं म्हणजे दुरुस्ती न्हाय." माझ्याकडं न बघता, तिच्याकडं बघून म्हणाले. आणि पुन्हा ड्रायव्हरला लागले. इतकी वर्षं दुसऱ्यांना तळाशी बसवणारा माणूस स्वतः तिसऱ्या पायरीवर अडकलाय, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. उकरंडे सरांना 'बटण बघा' म्हणायचं म्हणजे गुरवाला 'घंटा कुठाय' विचारायचं.

ऑफिसमधून दुसरा निरोप आला. उमेदवार गैरहजर म्हणून समितीनं पुढचं नाव पुकारलं होतं. पुढचं नाव कुणाचं, ते सांगायची गरज नव्हती.

तेव्हा स्वाती बोलली. "सर, खालनं वर या."

सरांनी मान वर केली.

"पहिली पायरी, सर. मोठ्यानं वाचा."

सरांनी तो छोटा आदेश टाइप केला. दोन ओळी आल्या. ते वाचू लागले. "सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड..." पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही. बोट आपोआप उजव्या कडेला गेलं. बटण सरकलं. अख्ख्या कॉलेजची वायफाय नावं एकाखाली एक स्क्रीनवर आली.

"आता विसरणार न्हाइत, सर," स्वाती म्हणाली आणि तासाची घंटा झाली म्हणून पोरांना आत घ्यायला गेली.

मधल्या सुट्टीत मी तिला ग्रंथालयात गाठलं. "तुला कधी कळलं?"

"आल्या आल्या. दिवा नारंगी होता. माझ्याकडंच तोंड होतं त्याचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"म्या सांगितलं असतं तर ते शिकले असते का मॅडम?" ती पुस्तकं चाळत म्हणाली. तिनं बटण सरकवलं नव्हतं, ते एसटीतल्या गर्दीत घासून सरकलं होतं. तिनं फक्त तोंड बंद ठेवलं होतं. मला तिचा भयंकर राग आला आणि तिचं बरोबरही वाटलं, दोन्ही एकदमच.

पुढच्या वर्षी सरांना तास मिळाले नाहीत. भाच्याला लॅबमधलं काही येत नाही, त्यामुळं लॅब स्वातीच चालवते. तिनं शिडी नव्यानं रंगवून घेतली. 'बटण' आता लांबून वाचता येतं, पण आहे तिथंच, फरशीपासून वीतभर. भिंतीपलीकडून अजूनही तेच दोन शब्द ऐकू येतात, आवाज तेवढा बाईचा.

परवा धाराशिवला जाताना येरमाळ्याला सर एसटीत चढले आणि माझ्याशेजारी जागा होती म्हणून बसले. लॅपटॉपची पिशवी मांडीवर. येडशीला कुठल्यातरी खासगी क्लासमध्ये शिकवायला जातात म्हणाले. मी विचारलं, "मंदाताईंचा टीव्ही झाला का सुरू?"

"न्हाय. तिनं वाचायला पाहिजे ना."

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "गपाट काय करायलीय?" मी सांगितलं. मग मला राहवलं नाही, तेही सांगून टाकलं, की त्या दिवशी दिवा नारंगी होता आणि तिनं तो पहिल्यापासून बघितला होता. कशाला सांगितलं? त्यांना लागावं म्हणून सांगितलं, उगीच खोटं कशाला बोलू.

"माहीत हाय," सर म्हणाले. "उजव्या बाजूलाच हुबी होती ती." मग म्हणाले, "मी सांगितलं असतं का तिला? न्हाय सांगितलं. मग तिनं तरी का सांगावं? माझ्या हाताखालनं तेवढं एकच पोरगं पक्कं तयार झालं बघा." आणि एरवी कधी न हसणारा तो माणूस गालात हसला, पोरगी पहिली आल्याचं बापानं चारचौघांत सांगावं तसा.

येडशी आली. सर उतरले. कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्यांवरून भांडत होता म्हणून गाडी थांबून होती. खिडकीतून मला सर दिसत होते. स्टँडच्या फरशीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत ते उकिडवे बसले, पिशवीची चेन उघडली आणि मान वाकडी करून लॅपटॉपची उजवी कड बघितली. बटणावर चिकटपट्टी लावलेली होती. ती त्यांनी अंगठ्यानं पुन्हा एकदा दाबली, चेन लावली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.